पुरुषांचे हात, वाडग्यातलं पाणी

नख घासलं की पांढरी भुकटी उडते, पिठासारखी बारीक. संध्याकाळी दुकान बंद करताना मी स्वतः खुर्चीखालून झाडून काढतो, ओलं फडकं मारतो, आणि सकाळी शटर वर केलं की त्याच जागी पुन्हा चिमूटभर पडलेली असते. किश्श्यांचंही तसंच आहे. आपण जमवायला जात नाही. आपण आपला धंदा करत असतो आणि ते खुर्चीखाली साचत राहतात.

दोस्त म्हणतात, दिलीपशेठ, सांगत बसता त्यापेक्षा लिहून काढा. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं सगळं गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून शिकलो. तेव्हा काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. एक मात्र आधीच सांगतो, हे किस्से ऐकून झाले की माणसं गप्प होतात आणि आपापल्या हातांकडं बघत बसतात. तुमचंही तसं झालं तर माझ्यावर रागावू नका.

* * *

अंबाजोगाईच्या बाजारात माझं कटलरीचं दुकान आहे. कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत, आमच्याकडं बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पावडरीच्या दुकानाला कटलरी म्हणतात. बांगड्या भरायला युनूसभाई मणियार, माझ्या वडिलांच्या वेळेपासून. त्यांच्या बोटांत काय होतं अल्ला जाणे, सव्वादोन मापाची बांगडी अडीचच्या हातात बसवायचे आणि बाईला कळायचंही नाही. दुसरीकडं बघून बोलता बोलता डझन भरून मोकळे.

मग त्यांना साखर निघाली. आधी मुंग्या यायच्या, नंतर बोटांच्या शेंड्यांची जाणच गेली. आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. तर युनूसभाईंच्या हातून दिवसाला पाच-पाच वाढायला लागल्या. एका नवरीच्या मनगटाला काच लागून रक्त आलं, त्या दिवशी ते बांगड्यांचा खोका खाली ठेवून बाजूला जाऊन बसले ते बसलेच.

त्याच सुमारास लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी नवीन खूळ काढलं, नवरदेवाच्या हाताचा क्लोजअप. अंगठी घालताना. आता आमचे नवरदेव कालपर्यंत नांगराला नाहीतर ट्रॅक्टरला जुंपलेले. नखात अर्धा एकर रान! मी डोकं चालवलं. शेजारची खोली रिकामी होती, तिथं एक खुर्ची टाकली, युनूसभाईंना पंधरा दिवस लातूरला शिकायला धाडलं आणि पाटी लावली, ‘जेन्ट्स मॅनिक्युअर’. बाप्यांची नखं राठ असतात, जाण थोडी कमी असली तरी भागतं.

पहिल्याच आठवड्यात एक म्हातारबाबा आले, खुर्चीत बसले, तळहात पुढं करून म्हणाले, लेकाला नोकरी कधी लागंल ते सांगा. युनूसभाई शांतपणे म्हणाले, “मामा, हात पालथा करा. आमी मागची बाजू बघतो.”

एक अडचण मात्र होती. मॅनिक्युअरला आधी हात गरम पाण्यात भिजवावे लागतात. पांढरा वाडगा, गीझरचं पाणी, दोन थेंब शाम्पू, लिंबाची फोड, पाच मिनिटं. युनूसभाईंना पाण्याचा ताव कळेना. दुसऱ्याच दिवशी एका वकिलाची बोटं अशी पोळली की ते कोर्टात कधी ओरडले नसतील एवढे आमच्याकडं ओरडले. तेव्हापासून कामाची वाटणी ठरली, हात युनूसभाईंनी धरायचा, पाणी मी बघायचं. सुरवातीला एकदा आणि मध्ये एकदा वाडग्यात करंगळी बुडवायची, बस्स. माझं काम एवढंच.

युनूसभाईंना एकच लेक, नदीम. त्याच्या आधीची दोन लेकरं राहिली नाहीत. नदीम तलवाड्याला मामाच्या गॅरेजात मेकॅनिक, दर शुक्रवारी मोटरसायकलवर एवढं अंतर तोडून बापाला भेटायला यायचा. त्याची नखं कायम ऑइलनं काळी. युनूसभाई खुर्चीतल्या प्रत्येक नवरदेवाला सांगायचे, “माझ्या नदीमचं ठरू द्या. असे हात करीन त्याचे, सासरचे म्हणतील पोरगा गॅरेजात न्हाई, बँकेत हाय.”

त्या एका दिवसासाठी ते बाकीच्यांची नखं घासत होते म्हणा ना.

* * *

आता पहिला किस्सा भाऊंचा. भाऊ म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ, नाव सांगत नाही. शंभर एकर बागायत आणि मागं चार गाड्या माणसं. भाऊ आले ते खिशात स्वच्छ पांढरा हातरुमाल घेऊन. नखं कापली की प्रत्येक तुकडा रुमालावर ठेवायचा. का, तर नख दुश्मनाच्या हाती लागलं की करणी होते.

काम झालं. भाऊंनी नखं मोजली. नऊ.

पुन्हा मोजली. नऊच. भाऊंचा चेहरा उतरला. मग काय, सगळे कार्यकर्ते मोबाइलची बॅटरी लावून फरशीवर रांगायला लागले. एवढे कष्ट त्यांनी मतदारयाद्यांवरही घेतले नसतील. अर्धा तास झाला, नख सापडेना. भाऊ खुर्चीतून उठायला तयार नाहीत आणि बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली. मी काय केलं, पडद्यामागं गेलो, माझ्या अंगठ्याचं नख कापलं आणि म्हणालो, “सापडलं भाऊ, टॉवेलात होतं.”

भाऊंनी ते कपाळाला लावून रुमालात बांधलं. आता त्यांच्या देवघरात कुठंतरी त्यांच्या नऊ नखांबरोबर माझं एक नांदतंय.

खरं नख मला तीन दिवसांनी माझ्याच चपलेच्या पट्ट्यात सापडलं. ते मी कुठं ठेवलंय ते सांगणार नाही. भाऊ अजून राजकारणात आहेत.

* * *

दुसरे होते शिरूर कासारचे एक ड्रायव्हर. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून नाही, तरुणपणी कडबाकुट्टीत गेलेलं. पुतण्याच्या लग्नासाठी आले होते. नऊ बोटं झाली, युनूसभाई टॉवेल आवरायला लागले, तसे ते म्हणाले, “आन् हे राहिलं की.”

कोणतं, म्हणून विचारलं तर त्यांनी रिकामी जागा पुढं केली. म्हणाले, याचं नख लई वाढलंय, झोपेत तळहाताला टोचतं, कोणाला सांगावं तर हसतात.

मी हसणारच होतो. युनूसभाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मी तोंड मिटलं. त्यांनी त्या रिकाम्या जागेखाली डावा हात धरला, जसा बोटाखाली धरतात तसा, आणि उजव्या हातानं हवेत नख घासायची फाइल चालवायला लागले. हळूहळू, कडेनं गोल. चांगली दोन मिनिटं.

मी सांगतो, विश्वास ठेवा की ठेवू नका, फाइलचा खरखर आवाज येत होता.

ड्रायव्हरसाहेब उठले, हात झटकला, दारापर्यंत गेले आणि मागं वळून युनूसभाईंना म्हणाले, “जरा जास्तच आत घासलं बघा. चुणचुणतंय.”

* * *

इथवर सगळं ठीक होतं. आता पाण्याचं सांगतो.

आमच्या रस्त्यावर एक हॉटेलवाले काका होते. गोल गरगरीत, हसतमुख, भज्यांच्या तेलानं बोटं कायम चिकट. नातवाच्या बारशाला फोटो चांगले यावेत म्हणून आले. मी पाणी बघितलं, झकास गरम. दोन मिनिटांनी पुन्हा करंगळी घातली तर पाणी थंड. कोमट नव्हे, थंड, माठातल्यासारखं.

मी गीझरला शिव्या दिल्या. पाणी बदललं. दोन मिनिटांत पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बदललं. काका म्हणाले, “राहू द्या शेठ, थंडच बरं हाय, दिवसभर कढईम्होरंच असतो.” युनूसभाईंना तर काहीच कळत नव्हतं, ते आपले नखाच्या बुडाची कातडी मागं सारत होते.

आठव्या दिवशी काकांचं हॉटेल बंद दिसलं. झोपेतच गेले होते. मी अंत्ययात्रेला गेलतो, रडलोही. पण पाण्याचा आणि त्याचा संबंध तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार?

* * *

तो संबंध डोक्यात आला महिनाभरानं. रिटायर झालेले एक सर सत्काराच्या कार्यक्रमासाठी हात करून घ्यायला आले होते. माणूस शिस्तीचा. पाणी दोन मिनिटांत निवलं तेव्हा त्यांनी मला गरम पाणी वेळेवर कसं द्यावं यावर पाच मिनिटं समजावून सांगितलं.

पुढं अकराव्या दिवशी युनूसभाई पेपर घेऊन आले. आतल्या पानावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. सरांचा फोटो त्या सत्काराच्या दिवशीचा, हनुवटीवर हात ठेवून काढलेला. चेहऱ्यापेक्षा नखं जास्त चमकत होती.

युनूसभाईंनी फोटोतल्या बोटांवरून आपलं बोट फिरवलं. म्हणाले, “शेठ, हे आपलंच काम न्हाई का?”

मग विचारलं, “यांचं पाणीबी निवलतं ना?”

मी म्हणालो, थंडीचे दिवस आहेत युनूसभाई, कोणाचंही निवतं. पण दुकान बंद करायच्या आत मी सतरा कारणं शोधली. पंख्याचा वारा. वाडगा. दाराची फट. वाडगा बदलला, पंखा बंद केला, फटीत पुठ्ठा कोंबला. मी व्यापारी माणूस, मालात खोट असेल तर ती कुठं आहे ते कळल्याशिवाय चैन पडत नाही.

* * *

मेडिकलमधून पाण्यात बुडवायचं थर्मामीटर मागवून आणलं. दोन सारखे वाडगे आणले. एकात गिऱ्हाइकाचे हात, दुसरा शेजारी नुसताच भरून ठेवलेला. महिनाभर सगळं सुरळीत चाललं, दोन्ही पाणी बरोबरीनं निवायचं. माझा जीव भांड्यात पडला.

आमच्याकडं एक तरुण डॉक्टर यायचे, इथंच पुढचं शिकायला आलेले. त्यांच्या कानावर मी ही गोष्ट घातली. ते मनापासून हसले. म्हणाले, यात काही नाही शेठ, हृदय दुबळं झालं की हातापायांना रक्त कमी पोचतं, हात गार पडतात, गार हातानं पाणी निवतं. दोघंही म्हातारे होते ना? बघा, साधं शास्त्र आहे.

मी युनूसभाईंना मुद्दाम दोनदा सांगितलं. त्या शुक्रवारी नदीम आला तेव्हा बापलेकांनी पोटभर गप्पा मारल्या. लग्न ठरत आलं होतं, मुलगी बीडची.

मग केजकडचा एक पोरगा आला. पोलीस भरतीची तयारी करणारा, छाती ही एवढी, हात तापल्या तव्यासारखे. बहिणीच्या लग्नात फोटोत उठून दिसायचं होतं. त्यानं वाडग्यात हात घातले आणि मिनिटभरात थर्मामीटर असं खाली यायला लागलं की मी ते पुसून पुन्हा घातलं. शेजारचा नुसत्या पाण्याचा वाडगा वाफाळत होता.

चौथ्या दिवशी रस्त्यावर त्याच्या गाडीला ट्रकनं उडवलं, जागीच गेला.

डॉक्टर पुढच्या खेपेला आले तेव्हा मी विचारलं, साहेब, ट्रकचा आणि रक्ताचा काय संबंध? मी वाडगा पुढं केला तसे त्यांनी दोन्ही हात टॉवेलाखाली घेतले. म्हणाले, “आज नुसती फाइल करा. पाण्याचं राहू द्या.”

* * *

अंबाजोगाईत गोष्ट लपत नाही. मला वाटलं, आता दुकानाला कुलूप. पण झालं उलटंच. लोक बाहेरून वाकून वाडग्याकडं बघायचे, काही जण पैज लावून बसायचे आणि पाणी गरम राहिलं की पेढे वाटायचे.

सगळ्यांत पक्कं गिऱ्हाईक मिळालं ते आबा. वय ऐंशीच्या पुढं, बायको जाऊन बारा वर्षं झालेली, लेकी सासरी. आबांनी गोष्ट ऐकली आणि दर सोमवारी यायला लागले. कापायला नख उरलेलं नसायचं, तरी हात वाडग्यात घालून बसायचे आणि माझ्या करंगळीकडं आशेनं बघायचे. मी पाणी बघून सांगायचो, आबा, गरमच आहे. पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. पाणी ढिम्म हलत नाही, चटका बसावा असं.

एकदा वैतागले. हात बाहेर काढून म्हणाले, “ह्याच्यात चहापत्ती टाका आन् द्या सगळ्यांला. आमचं काय निवत न्हाई.”

* * *

आणि भाऊ परत आले. तेच, दहा नखांचे धनी. या वेळी एकटे, मागच्या दारानं. मला म्हणाले, आमच्या विरोधातले अण्णा आहेत ना, त्यांना एकदा तुमच्या खुर्चीत बसवा, मॅनिक्युअर माझ्यातर्फे, पण त्यांना कळू द्यायचं नाही. फक्त पाणी कसं निघालं तेवढं सांगा.

मी हो म्हणालो. मोठ्या माणसाला नाही म्हणून बाजारात दुकान चालत नाही. गंमत अशी की दुसऱ्याच दिवशी अण्णा स्वतःहून आले आणि भाऊंसाठी हीच ऑफर घेऊन आले!

दोघांनाही वेगवेगळ्या दिवशी बसवलं. नंतर दोघांचे फोन आले. मी दोघांनाही एकच सांगितलं, “साहेब, तुमचं आन् त्यांचं पाणी डिट्टो सारखं निघालं बघा.”

पुढच्या निवडणुकीत दोघांनी मिळून पॅनल उभं केलं.

* * *

पण युनूसभाई हसत नव्हते. नदीमचं लग्न ठरलं, पत्रिका छापल्या, आणि जो माणूस दोन वर्षं लेकाचे हात करीन, हात करीन म्हणत होता, तोच माणूस आता हा विषय निघाला की फाइल शोधायला लागायचा. शुक्रवारी नदीमची मोटरसायकल बाहेर थांबली की आधी वाडग्यावर ताट झाकायचे. त्याला हात धुवायचे असले तर बाहेरच्या नळावर पिटाळायचे. पोरगा रोज गाड्यांत आणि रस्त्यावर. तीन लेकरांतलं राहिलेलं एक. मी काय समजत नव्हतो?

एकदा मीच म्हणालो, युनूसभाई, कोरडंच करा त्याचं, पाणी नको. ते म्हणाले, भिजवल्याशिवाय ऑइल निघत नाही. आणि जरा वेळानं, फाइल पुसत, “निघालं आन् पाणी निवलं तर मी त्याच्या लग्नात कोणत्या तोंडानं उभा राहू, शेठ?”

रविवारी लग्न, गुरुवारी दुपारी नदीम स्वतः आला. दुकानात बायका बांगड्या बघत होत्या. तो सरळ आत जाऊन खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांची काळी नखं बापापुढं केली. घरात बापलेक उर्दूत बोलायचे, पण त्या दिवशी तो मुद्दाम सगळ्यांना कळेल असा मराठीत बोलला.

“जिल्ह्यातले सगळे नवरदेव माझ्या बापाकडून हात करून घेतेत, आन् मी असाच बसू का स्टेजवर?”

युनूसभाई म्हणाले, गिऱ्हाईक आहे, वेळ नाही. खोलीत गिऱ्हाईक नव्हतं.

नदीमनं आवाज खाली आणला. “अब्बा, मला समदं ठाव हाय. त्या पाण्याला भिऊन हात धरणार न्हाईत का माझा?”

युनूसभाईंनी ती काळी नखं एकेक करून बघितली. मग उठले आणि मला म्हणाले, “शेठ, पाणी आणा. चांगलं कढत.”

मी आणलं. करंगळी बुडवून बघितली, पोळली. वाफेनं समोरचा आरसा धुरकट झाला. नदीमनं हात पाण्यात घातले, आणि युनूसभाईंनी काय करावं? मनगटावरचं घड्याळ काढलं, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि आपलेही दोन्ही हात त्याच वाडग्यात घातले. लेकाची बोटं पाण्याखाली गच्च धरली, पूर्वी नवरीचा हात धरायचे तशी.

नदीम म्हणाला, अब्बा, हे काय, तुमचे हात कावून काळे करता. युनूसभाई माझ्याकडं बघून म्हणाले, “आता बघा.”

मला त्यांचा डाव कळला. चार हात एका पाण्यात. निवलं तर कोणाचं, ते सांगायला कोणी येणार नाही.

दोन मिनिटं झाली. मी करंगळी घातली.

पाणी थंड होतं. विहिरीच्या तळाचं असतं तसं. कोपरापर्यंत शिरशिरी गेली. मी आयुष्यभर गिऱ्हाइकाशी तोंड सांभाळून बोललोय, भाऊंना बनवलं, अण्णांना बनवलं. पण युनूसभाई माझ्या तोंडाकडं बघत होते आणि मला त्यांच्याशी खोटं बोलता येईना. निवलंय, म्हणून मी मान हलवली.

त्यांनी डोळे मिटले आणि सुटकेचा श्वास सोडला. चेहऱ्यावर हसू आलं. हळूच म्हणाले, “माझं हाय ते. साठी झाली, साखर हाय. माझंच.”

मी विचारलं, दुसरं पाणी आणू का, नुसते त्याचे हात घालून बघायला? ते म्हणाले, “नको. हेच पुरं.”

तेवढ्यात नदीमनं हिसका देऊन हात बाहेर ओढले.

“चाचा, किती कढत आणलं हो. मघापासनं अब्बासाठी सोसतोय, कातडं सोललं माझं.”

त्याचे हात मनगटापर्यंत लालबुंद झाले होते. युनूसभाईंचेही. वाडग्यातून वाफ वर येत होती आणि आरशावर पाण्याचे ओघळ लागले होते. मी पुन्हा करंगळी घातली. त्या दोघांना पोळणारं पाणी, मला एकट्याला थंड.

युनूसभाईंनी लेकाचे हात पुसले, नखं केली, एकेक बोट निवांत, बफर मारून चकाकी आणली. नवरदेवाचे हात खरंच बँकेतल्या माणसासारखे दिसायला लागले. नदीम बापाला सलाम करून, मोटरसायकलला किक मारून गेला.

मग युनूसभाईंनी कोरडा टॉवेल घेतला, माझा हात आपल्या हातात घेतला, करंगळी टॉवेलात गुंडाळली आणि किती तरी वेळ दाबून धरली. सोडताना म्हणाले, “शेठ, उद्यापासनं पाणी तुमी बघू नका.”